नाकाचा चिमटा

"माणूस म्हणजे श्वास! बाकीचं सगळं खाटकाकडेही मिळतं," केना शहरातल्या छातीच्या दवाखान्यात उस्ताद हिफनीने जाहीर केलं. बाकड्यावरच्यांनी माना डोलावल्या. उस्तादाचं पुढचं वाक्य खोकल्यात अडकलं, आणि ते सुटेपर्यंत दोन पेशंट आत जाऊन बाहेरही आले.

हिफनी खोकल्यासाठी आलाच नव्हता. तो आला होता शहातसाठी. जन्मभर लग्नाकार्यात हिफनीने मिझमारवर, म्हणजे तिकडच्या सनईवर, चाल वाजवली आणि शहातने शेजारी बसून नुसता सूर धरला. आता गावप्रमुखाच्या मुलीचं लग्न गुरुवारवर आलं होतं आणि चाल वाजवायचं बोलावणं गेलं शहातला. का, तर मागच्या आठवड्यात तो याच दवाखान्यात फुंकून आला आणि चहाच्या दुकानात सांगत सुटला, "माझा दम मोजताना मशीन थकलं रे! डॉक्टरीणबाईंनी हात जोडले." तेव्हापासून हिफनीच्या घशाखाली उसळ-भाकरी उतरत नव्हती.

डॉक्टर नेवीनने भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. "ही श्वासनळी. तिला दोन फाटे, फाट्यांना डहाळ्या, आणि टोकाला हे द्राक्षाच्या घोसासारखे फुगे. रक्त इथे हवा बदलून घेतं. खालचा पडदा उतरला की हवा आत, चढला की बाहेर."

"शहातला फुगे किती?"

"सगळ्यांना असतात तेवढेच, काका."

हिफनीला हे अजिबात आवडलं नाही.

नेवीनने चिमटा उचलला. "आधी हा नाकाला लावते."

"मी काय दोरीवर वाळत घातलेला सदरा आहे? शहातला लावलात?"

"नाही. त्यांनीही लावू दिला नाही."

"मग मलाही नको."

त्याने छाती भरली, मशीनची नळी ओठांत धरली आणि फुंकली. लबाडी त्याच्या मनातही नव्हती. पण ओठांत नळी आली की मिझमारवाल्याचे गाल आपोआप फुगतात. गाल हवा बाहेर ढकलत राहतात आणि तेवढ्यात नाक नवी हवा आत ओढून घेतं. अशानेच तर वरात घरी पोचेपर्यंत सूर तुटत नाही. मशीनच्या पडद्यावरची रेघ चढत चढत चौकटीच्या बाहेर गेली.

"संपला श्वास?" नेवीनने विचारलं.

हिफनीने भुवईनेच नकार दिला.

ती बसली, उठली, गार झालेला चहा प्याली. "एवढी हवा माणसात मावतच नाही. पुन्हा बिघडलं हे," असं म्हणत तिने मशीनला चापट मारली. मग तिचं लक्ष उस्तादाच्या नाकपुड्यांकडे गेलं. त्या भात्यासारख्या उघडझाप करत होत्या. तिने सरळ चिमटा लावला.

उस्तादाचा दम तुटला. चेहरा वांग्यासारखा झाला आणि खोकल्याने सबंध खोली हलली.

"असं होय! तोंडाने द्यायची आणि नाकाने हळूच परत घ्यायची," नेवीन म्हणाली. "आता चिमट्यासकट."

या वेळी रेघ जेमतेम चढली आणि लंगडत आडवी झाली. नेवीनचं हसू मावळलं.

"काका, हवा आत जातेय, पण पुरती बाहेर पडत नाही. जुन्या भाडेकरूसारखी ठाण मांडून बसते. हुक्का आजपासून बंद. आणि मिझमार... तूर्त खुंटीला टांगा. हे दुखणं साधं नाही. ऐकताय ना?"

हिफनी खाली मान घालून बसला होता. नेवीनला वाटलं, म्हाताऱ्याने फार मनाला लावून घेतलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे शहातनेही नाकानेच...?" हिफनीने हळूच विचारलं.

"तसंच असणार."

"आणि चिमटा लावला असता, तर त्याचीही रेघ लंगडली असती?"

"ते तपासल्याशिवाय कसं सांगू? पण त्यांचं राहू द्या हो, तुम्ही आधी स्वतःचं बघा!"

उस्तादाच्या चेहऱ्यावर रंग परतला. नाकावरचा चिमटा काढून त्याने अंगरख्याच्या बाहीला नीट पुसला, एकदा उघडून मिटून पाहिला.

"बाई, एवढा गुरुवारपर्यंत उसना द्याल?"