दुसरं व्हायोलिन

“भाऊजी, आज साहेबांसाठी थांबायचं नाही,” मेहुणा कानाशी येऊन म्हणाला. “थांबलात, की ही चौथीही मेली म्हणून समजा.”

पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्याने नुसती मान हलवली. मेहुण्याच्या तीन रचना साहेबांच्या याच दिवाणखान्यात पडल्या होत्या. झोप मात्र छान लागली, असं लोक जाता जाता म्हणाले होते. ही चौथी पडली तर कागद चुलीत घालीन आणि संगीताचं नाव सोडीन, असं तो बहिणीला सांगून आला होता. तो बोलल्याप्रमाणे करणारा होता.

पण थांबायचं नाही म्हणजे काय, पोरखेळ आहे? वाजवणाऱ्या चौघांत दुसरं व्हायोलिन घेऊन बसायचे ते खुद्द राजदूतसाहेब. पिढीजात उमराव, गाण्याबजावण्याचे वेडे. बाकीच्या तिघांचे संसार त्यांच्याच आवारात, त्यांच्याच छपराखाली. जलद जागा आली की साहेब मागे रेंगाळत. मग पहिला आपला हात आवरता घेई, त्याच्याकडे बघून उरलेले दोघेही आवरत. याला ते आपसांत ‘सांभाळून घेणं’ म्हणत. अकरा वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. आज तर समोर परदेशी पाहुणे बसलेले. त्यांच्यादेखत साहेबांना उघडं पाडणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणं.

सुरुवात संथ होती, ती निभावली. पान उलटलं आणि जलद भाग आला. साहेबांचा गज नेहमीसारखा रेंगाळला. सवयीने पहिल्याचाही हात आवरू लागला. दाराशी मेहुणा भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभा होता. त्याला बघून पहिल्याला स्वतःची लाज वाटली. होऊ दे काय व्हायचं ते, असं मनाशी म्हणून त्याने हात मोकळा सोडला.

उरलेले दोघे दचकले, पण धावले. दुसरं व्हायोलिन आता कोलमडणार, या धास्तीने पहिल्याने दात आवळले. दोन ओळी गेल्या, चार गेल्या. ते कोलमडलं नाही. एकही सूर न चुकता ते त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत होतं, थेट शेवटपर्यंत.

टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी मेहुण्याला गराडा घातला. साहेब गंभीर चेहऱ्याने पहिल्याकडे झुकले. त्याने मनात माफीचे शब्द जुळवायला घेतले.

“एवढा हात आहे तुमचा?” साहेब हळूच म्हणाले. “मला वाटायचं, तुम्हाला जलद झेपत नाही. चारचौघांत तुमची शोभा होऊ नये, म्हणून अकरा वर्षं मी थांबत आलो.”