फ्लोरीनची ओढ

वृद्धाश्रमाच्या फाटकाशी रिक्षा थांबली, तरी वडिलांची बॅग वसुधाने मांडीवरून खाली ठेवली नाही.

"दोन खोल्यांत आम्ही पाचजण, त्यात तुमच्यावरून रोजची कुरबुर. मी काय करू, अण्णा?"

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या अण्णांनी तिच्याकडे वर्गात पाहायचे तसं पाहिलं. "सांग, नवा इलेक्ट्रॉन घ्यायला सगळ्यांत उत्सुक कोण? पोरं फ्लोरीन म्हणायची आणि फसायची."

"क्लोरीन," ती पुटपुटली.

"फ्लोरीन का नाही? त्याला ओढ कमी?"

"ओढ खूप असते, अण्णा. पण अणूच एवढासा. आत आधीच दाटी, आतलेच इलेक्ट्रॉन नव्याला बाहेर रेटतात..." तिने बॅग घट्ट धरली.

"पैकीच्या पैकी!" अण्णा म्हणाले आणि तिच्या मांडीवरची बॅग त्यांनी हळूच काढून घेतली.