आकुर्डीचा हिरवा खडा

अंगणात सोपानरावांच्या सायकलची घंटा वाजली आणि आरशापुढं बसलेल्या उद्धवरावांचा वस्तरा ओठाखाली घसरला.

"आला वाटतं शहाणा!" घाईघाईनं रक्त थांबवून, सदरा चढवून ते ओसरीवर आले.

चिंचवडच्या त्या ओसरीवर दगड जमवणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ भरायचं. मुंबईच्या प्रदर्शनाला मंडळाचा एकच खडा जायचा, आणि आजवर तो उद्धवरावांचाच गेला होता. यंदा मात्र सोपानराव गालातल्या गालात हसत होते. ते हसणं उद्धवरावांना सलत होतं.

सोपानरावांनी फडकं सोडलं. ओसरीवरचे सगळे पुढं वाकले.

"आकुर्डीला विहीर खणताना सुरुंगानं खडकातली पोकळी उघडली, तिथला," सोपानराव सांगू लागले. "खाली काळा कातळ, त्यावर सायीच्या रंगाचे, पंख्यासारखे पसरलेले बारीक स्फटिक. मधोमध हा पोपटी खडा. चार अंगं, वर टोक, आणि चमक बघा कशी पाण्यासारखी!"

"आधी खोड सांगायची, मग गुण. मंडळाची रीत आहे," उद्धवरावांनी टोकलं.

"खोडच नाही हो! टोकसुद्धा शाबूत."

सुरुंगातून निघाला आणि टोक शाबूत? उद्धवरावांच्या मनात पाल चुकचुकली. हा गडी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, दिवसभर रसायनांत हात घालणारा. याला घरी खडा वाढवणं काय अवघड?

दगड ओला झाला की रंग उघडा पडतो, म्हणून जीभ लावून बघायची सवय सगळ्यांनाच. उद्धवरावांनी खडा ओठाशी धरला, चाटला आणि थबकले. पुन्हा चाटला.

"तुरटी!" ते कडाडले. "रंगवलेली तुरटी आहे ही!"

सोपानरावांचा चेहरा पडला. "उद्धवराव, दगड ओळखायला मी तुमच्याकडंच शिकलो. तुम्हाला फसवीन?"

"थांबा की, मीबी चाटून बघतो," आकुर्डीचे चिमाजी हात पुढं करत म्हणाले. खडा निघालेली विहीर त्यांच्याच शेजारच्या मळ्यातली.

"म्हणजे माझी जीभ खोटी होय?" उद्धवरावांनी हात मागं घेतला.

"एवढी खात्री असेल तर टाका पाण्यात," सोपानराव हळूच म्हणाले.

"विहिरीतच टाकतो! तुरटीनं पाणी तरी निवळेल."

उद्धवरावांच्या अंगणातली विहीर भर उन्हाळ्यातही तळ दाखवत नसे. खडा डुबकन गेला.

सोपानरावांनी रिकाम्या फडक्याची घडी घातली. "पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही," एवढंच बोलून ते सायकल घेऊन निघून गेले. उद्धवरावांना कसं हायसं वाटलं. यंदाही मुंबईला त्यांचाच खडा जाणार होता.

गोजाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून त्यांना हसूच फुटलं.

"अहो, कापलं म्हणून एवढी तुरटी फासतात का? ओठ पुसा आधी, नाहीतर चहासुद्धा तुरट लागेल."