साळिंदराची तस्त

दिवाणखान्यातल्या मांडणीवर चांदी पार छतापर्यंत चढली होती, पण एकूण एक ताट पाहुण्यांकडे पाठ करून उभं होतं. ताटांच्या तोंडावर साळिंदर कोरलेलं. ते लाउदोमियाच्या माहेरचं चिन्ह. तिच्या वडिलांना फितूर ठरवून फासावर दिलं, घराचा दगडही जागेवर ठेवला नाही. शहरात त्यांची खूण उरली होती ती फक्त तिच्या हुंड्याच्या या चांदीवर. तीही उद्या सोनार येऊन खरवडणार होता.

"हात धुवायच्या तस्तीत गुलाबाच्या पाकळ्या पसर," सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तळ दिसता कामा नये. सुभेदारांनी ते जनावर पाहिलं, तर कुणाच्या धडावर मुंडकं राहायचं नाही."

"बरं," लाउदोमिया म्हणाली, आणि पाकळ्या तिने खिडकीतून खाली टाकून दिल्या.

फाशीच्या हुकमावर सही याच सुभेदाराची. आज मानाची खुर्ची त्याची, आणि त्याने हात धुतल्याशिवाय कुणाला घास उचलता येत नव्हता. पो नदीतली वाम रश्शात वाफाळत होती. भाजलेला मोर पुन्हा पिसं लेवून बसला होता. पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

लाउदोमियाने झारी उचलली, तस्त पुढे धरली. सुभेदाराने हात पुढे केले, खाली पाहिलं आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"हे अजून जिवंत आहे?"

"चूक झाली, हुजूर! दुसरी आणतो," म्हणत तिचा नवरा ओताव्हिआनो मांडणीकडे धावला. त्याने एक मोठं पात्र ओढून सुलटं केलं. साळिंदर! घाईघाईने दुसरं ओढलं. तिथेही साळिंदर. तिसऱ्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"अगं बाई," कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे हा सगळा थाट सुनेच्याच जिवावर होय!"

दोघंतिघं फिसकन हसले. ओताव्हिआनोला दरदरून घाम फुटला. "उद्या सोनार येतोय, हुजूर. सगळं खरवडून टाकतो."

"मग उद्यापर्यंत थांबायचं का, हुजूर?" लाउदोमियाने विचारलं. "की जेवून घ्यायचं? माझे बाबा फासावर गेले, भांडी नाही गेली."

सुभेदार रागाने उठला, तर माहेरासारखं सासरही संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तस्त मात्र तिने तसूभरही मागे घेतली नाही.

सुभेदाराने मोराकडे पाहिलं, मग हसू दाबणाऱ्या चेहऱ्यांकडे. कोरलेल्या जनावराला भिऊन सुभेदार उपाशी उठला, असं उद्या बाजारभर झालं असतं. त्याने मुकाट्याने हात पुढे केले.

लाउदोमियाने सावकाश पाणी ओतलं, लागतं त्याहून जास्तच. पाण्याखाली साळिंदर आणखी मोठं दिसायला लागलं. मग तिने सुभेदाराला हात पुसायला रुमाल दिला, आणि शेवटच्या पंगतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली,

"अहो, सोनाराला निरोप धाडा. येऊ नकोस म्हणावं. हुजुरांना आमचं भांडं चालतं."