कोरडे तांदूळ

देवऋषी बिरप्पानं शिवबाईच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले.

"बिरोबाचं नाव घे, चाव आन् थुंक. करणी क्येली नसंल तर तांदूळ वलं पडतील. क्येली आसंल, तर तोंडाला पानीच सुटायचं न्हाय."

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. देवळापुढं सगळं गाव गोळा झालं होतं. त्यासाठी पाझर तलावाचं दुष्काळी काम अर्धा दिवस बंद होतं. दोन वर्षांत बिरप्पाला पावसाचा एक थेंब काही पाडता आला नव्हता, पण चेटकीण हुडकायला त्याला एक सकाळ पुरे होती.

जगदेवी अगदी पुढं बसली होती. पाच दिवसांपूर्वी तिचा दीड वर्षाचा नागनाथ गेला. त्याला खाल्ल्याचा आळ जिच्यावर होता, ती शिवबाई तिची थोरली जाऊ. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. आणि आळ घेतला होता तो जगदेवीनंच.

तरीही तिला फारशी भीती वाटत नव्हती. खाई त्याला खवखवे. आक्काचं तोंड कोरडं पडायचं काही कारणच नव्हतं. तांदूळ ओले पडतील, गाव आक्काला सोडून देईल, देवाची मर्जी म्हणत सगळे कामाला लागतील आणि आपलं पाप आपल्याच पोटात राहील. पाच दिवस ती या आशेवर जगत होती.

तलावाच्या कामावर बायकांची तान्ही पोरं सांभाळायला मुकादमानं शिवबाईला नेमलं होतं. बाभळीच्या सावलीत दहा-बारा झोळ्या आणि मधे शिवबाई. नागनाथ तिथं असा रमायचा, की संध्याकाळी आईकडं येताना हातपाय झाडायचा. एक दिवस सगळ्यांसमोर तो शिवबाईच्या गळ्याला मिठी मारून तिला 'आई' म्हणाला. बायका हसल्या. येसूबाई म्हणालीच, "जगदेवी, तू नुस्ता जल्म दिऊन मोकळी झालीस बग!"

थट्टाच होती, पण जगदेवीच्या जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नागनाथची झोळी आपल्या खडीच्या ढिगाशेजारी बांधली. उन्हात तो रडायचा, म्हणून सकाळी मोहरीएवढी अफूची गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची. त्या भागातली पुष्कळ पोरं अशीच दिवसभर निजायची आणि संध्याकाळी उठायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवशी मात्र तो निजेना. बाभळीकडं हात करून 'आई, आई' करत राहिला. बाभळ काही लांब नव्हती, फार तर पन्नास पावलं. नेऊन द्यायला कितीसा वेळ लागणार होता? पण जगदेवीचे पाय उठले नाहीत. तिनं कंबरेची पुडी सोडली आणि त्याला दुसरी गोळी चारली.

संध्याकाळी तो उठला नाही.

तिचा नवरा महिपती पोराला मांडीवर घेऊन एकच विचारत होता, "आसं कसं झालं? सकाळी तर धडधाकट हुतं की!" जगदेवीच्या तोंडून निघून गेलं, "सकाळी आक्कांनी त्येच्या तोंडावरनं हात फिरवला हुता." तिनं एवढंच सांगितलं. पुढचं सगळं गावानं रचलं.

आता शिवबाईनं तांदूळ तोंडात टाकले. ती चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. मग समोरच्या पाटावर थुंकली.

पाटावर पीठ पडलं. पांढरं, कोरडं ठाक, फुंकर मारली तर उडेल असं.

एकच कालवा झाला. जगदेवी उठून पुढं धावली आणि ते पीठ बघत उभी राहिली. तिच्या छातीवरची धोंड एकदम उतरली. म्हणजे गोळीनं नव्हे! आपल्या हातानं नव्हे! देव तर खोटं बोलणार नाही. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं रडू फुटलं. "माजं लेकरू खाल्लं गं हिनं!" ऊर बडवत ती ओरडली, आणि या खेपेला अगदी मनापासून ओरडली.

पंचांनी निवाडा केला. शिवबाईनं आत्ताच्या आत्ता गाव सोडायचं. जाण्याआधी पोराच्या आईच्या पायावर नाक घासायचं. थोरल्या जावेनं धाकटीच्या पायाशी वाकायचं, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. महिपतीनं तोंड फिरवलं. ज्यांची पोरं तिनं दोन्ही उन्हाळे सांभाळली, त्याच बायकांनी पोरं पदराआड घेतली. कुणी थुंकलं, कुणी खडा भिरकावला. एवढा छळ मुकाट सोसणारी बाई चेटकीणच असणार, असंही कुणीतरी म्हणालं.

ती वाकली. तिनं जगदेवीचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. त्या गलक्यात तिचं बोलणं जगदेवीखेरीज कुणालाच ऐकू गेलं नाही.

"दुसरी गोळी दिताना म्या बगितलं हुतं, जगदेवी. पळत यायचं सोडून मी जाग्यावरच बसले. म्हनलं, बगू तरी माज्याबिगर कशी सांभाळती."