बिनकामाचं बोलणं

भिंतीला कान असतात म्हणे. या घराचा कान म्हणजे वर्षभर हेडफोन लावून बसलेला कारकून. सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं, हे चव्हाट्यावर आणणारा इथला मुलगा कोठडीत मेला, तरी साहेबांचं समाधान होईना. म्हणून कारकून दुरुस्तीवाला बनून त्या मुलाच्या आईच्या फोनमध्ये नवं यंत्र बसवायला आला. तिनं चहा केला, स्वतःच्या कपात साखर घातली. “मावशी, साखर बंद केलीय ना डॉक्टरांनी?” त्याच्या तोंडून निसटलं. हे तिनं फक्त मुलाला फोनवर सांगितलं होतं. म्हातारी ओरडली नाही. “म्हणजे तू ऐकायचास. मला नीट ऐकू येत नाही रे, शेवटच्या फोनला नुसतं हो हो म्हणत राहिले. काय म्हणाला तो?” ‘आई, जेवलीस का?’ एवढ्यावरच ‘घरगुती, बिनकामाचं’ म्हणून कारकुनानं ते रेकॉर्डिंग पुढे न ऐकताच पुसलं होतं.