सावलीतली जागा

शिमग्याला गुणाजीच्या घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला फोटोग्राफर गुरुदत्त लालबागहून कॅमेरा घेऊन गावी आला होता. त्यात नसलेल्या धाकट्या मुलाला, सदाला, मागाहून दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवायचं, हे मुंबईतच ठरलं होतं.

सकाळपासून गुरुदत्त जागा दाखवत हिंडत होता. विहिरीपाशी फणसाची गार सावली होती, देवळामागं माडांची रांग होती. पण गुणाजीच्या बायकोला, रमाबाईंना, एकही जागा पसंत पडेना. शेवटी ऊन चांगलं चढल्यावर त्यांनी उघड्या अंगणात पूर्वेकडे तोंड करून सगळ्यांना उभं केलं.

गुरुदत्त वैतागला. "काकी, इथं ऊन थेट तोंडावर येतंय. सगळ्यांचे डोळे मिटलेले येतील. मग मला बोल लावू नका."

"मिटूंदेत." रमाबाईंनी नातवाच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. "सदाचो एकच फोटो आसा, बाबा. मोर्चात त्येका गोळी लागली तेव्हा, तिरडी उचलूच्या आधी तूच काढलंस तो. आता सगळ्यांत त्येचे एकट्याचेच डोळे मिटलेले दिसाक नको."